मी थोरलीची फाइल

इकडेतिकडे बघू नका, आवाज खालून येतोय. पट्ट्यांच्या खोलीतलं लोखंडी कपाट, सगळ्यात खालचा खण, कापसाच्या गठ्ठ्यामागं. हां, तीच मी. पिवळट पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली, पाठीवर चहाच्या कपाचा गोल डाग असलेली. मी दवाखान्यातली फाइल आहे. मला कुणी काही विचारलेलं नाही, पण विचारायची वाट बघत बसले असते तर एव्हाना माझा लगदा झाला असता.

माझं शिक्षण बेताचं. माझ्या पोटात जेवढं लिहिलं गेलं, तेवढंच मला वाचता येतं. पण माणसं मात्र मी पुष्कळ वाचलीत.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. पुठ्ठा कापला, मधोमध घडी पाडली, वर दवाखान्याचं नाव छापलं आणि डाव्या अंगाला दोन भोकं पाडली. भोकं पाडणारा शीळ घालत होता. तेव्हाच मी गाठ मारून ठेवली, की दुसऱ्याला भोक पाडताना जो शीळ घालतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. पुढं दवाखान्यात सुई टोचणारी निम्मी माणसं तशीच निघाली.

माझ्या पोटात पहिला कागद पडला तो एका नव्या सुनेचा. तिला सासरे घेऊन आले होते. ती त्यांच्या मागं अशी उभी होती, की नोंदणीच्या कारकुनाला तिचा फक्त पदर दिसावा.

"जन्मतारीख?" कारकुनानं विचारलं.

"लिहा काहीतरी," सासरे म्हणाले. "तारखेनं काय ताप उतरतो?"

कारकुनानं एक जानेवारी लिहिलं. वर्ष चेहरा बघून ठरवलं, तोही तिनं खाली घातला होता.

दोन वर्षांनी तेच सासरे धाकट्या सुनेला घेऊन आले. आता नशिबाची थट्टा बघा, धाकटीचं नावही अगदी तेच. घरात एकीला हाक मारली की दोघी 'ओ' द्यायच्या, म्हणून घरच्यांनी नावं टाकूनच दिली होती. एक थोरली, एक धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, त्यांच्या नावांचं पहिलं अक्षरही एकच.

"जन्मतारीख?"

"मागच्या सुनेची काय लिहिली होती?"

कारकुनानं मला उघडून बघितलं. "एक जानेवारी."

"मग तीच लिहा. दोघी एकाच वयाच्या दिसतात."

फोन नंबर घरचा एकच, पत्ता एकच, तारीख एक, वर्ष एक. फाइली मात्र दोन. धाकटीची फाइल माझ्याशेजारी येऊन बसली. ती माझी जाऊच म्हणा.

आमची मालकीण म्हणाल तर रेकॉर्डच्या काकू. कापलेले केस, करडा कोट, कानामागं पेन. तोंडानं फटकळ, पण फाइल कुठं आहे ते डोळे मिटून सांगायच्या. पहिल्याच महिन्यात एकीची फाइल दुसरीला दिली गेली आणि काकूंनी कारकुनाच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग त्यांनी ठळक शाईनं माझ्या कोपऱ्यावर लिहिलं 'थो.' आणि माझ्या जावेच्या कोपऱ्यावर 'धा.' आम्हा दोघींना एकाच नाडीनं बांधलं. तेव्हापासून खिडकीशी ह्या दोघींपैकी कुणी आलं, की काकू आधी मान वर करून विचारायच्या, "थोरली का धाकटी?" उत्तर मिळाल्याशिवाय नाडी सुटत नसे.

आता त्या दिवसाचं सांगते. थोरलीला घशाचा ताप होता. कंपाउंडर सुई भरता भरता म्हणाला, "इंजेक्शननं आधी कधी त्रास झालेला नाही ना?"

हे 'नाही ना' फार वाईट. तो प्रश्न नसतोच, तो धक्का असतो. समोरच्यानं 'नाही' म्हणावं आणि आपलं काम पुढं सरकावं, एवढ्यासाठी मारलेला. थोरलीला माहेरी एकदा अशाच सुईनं अंगभर गांधी उठल्या होत्या. पण समोरचा घाईत, सासरे दारात, आणि 'नाही ना'ला 'हो' म्हणायचं म्हणजे उगाच खुसपट काढल्यासारखं. ती म्हणाली, "नाही."

पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले. मग डोळे. मग श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी टेबलावर उघडी पडले होते, मला सगळं दिसत होतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या, त्यांनी एक सुई दिली, दुसरी दिली, छातीला नळी लावून तासभर बसून राहिल्या. थोरलीचा श्वास वळणावर आला तेव्हा त्यांनी लाल पेन मागवलं आणि माझ्या पहिल्या पानावर लिहिलं: 'पेनिसिलिन कधीही देऊ नये.' खाली तीन रेघा. तिसरी इतकी दाबून की पान फाटलं. ती फाट अजून माझ्या पोटात आहे.

पुढची वीस वर्षं मी कपाटातून टेबलावर आणि टेबलावरून कपाटात. माझ्यावर चहाचे कप ठेवले गेले. माझ्या पुठ्ठ्यानं माश्या मारल्या. डॉक्टरांनी माझ्यात असं अक्षर काढलं, की कोंबडीनं पाहिलं असतं तर शरमली असती. आणि माणसं माझ्यासमोर किती खोटं बोलली! "गोळ्या घेता ना वेळेवर?" "घेते की." घेते कुठली, गोळ्या तशाच पिशवीत खुळखुळत असायच्या, मला ऐकू यायच्या.

थोरलीच्या कागदांत एक पान होतं, तेच तेच पुन्हा लिहिलेलं. तपासण्या, पुन्हा तपासण्या आणि शेवटी एक ओळ: 'मुलं – नाहीत.' माझ्या जावेच्या पोटात मात्र तीन बाळंतपणं जमली. मधल्या मुलीच्या वेळी धाकटी फार आजारी पडली, महिनाभर इथंच होती. ती मधली थोरलीनं छातीशी धरून वाढवली. बाहेरच्या बाकावर तिला मांडीवर घेऊन थोरली बसायची आणि कुणी "मुलगी तुमची का?" विचारलं, की "घरची आहे" म्हणायची. खोटं नाही, खरंही नाही.

मग एक दिवस दवाखान्यात साहेब आले. त्यांच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की आता कागद बंद. सगळे दवाखाने एकमेकांशी बोलणार. पेशंट मोठ्या दवाखान्यात पोचायच्या आधी त्याची माहिती तिथं पोचलेली असणार. नुसती कळ दाबायची.

"आणि चुकीची माहिती पोचली तर?" काकूंनी विचारलं.

"मशीन चुकत नाही, काकू."

"बरं. माझ्या सासूबाईही असंच म्हणायच्या, स्वतःबद्दल."

सगळे हसले, साहेबही हसले. पण दुसऱ्या आठवड्यात काकूंना रेकॉर्डमधून उचलून पट्ट्यांच्या घड्या घालायला बसवलं. जो प्रश्न विचारतो त्याला घड्या घालायला बसवतात, हे मी तिथंच शिकले.

काकूंच्या खुर्चीत ऑपरेटर आले. चाळिशीचे, चष्मा कपाळावर, स्वभावानं गरीब. त्यांनी कात्रीनं आमची नाडी कापली. वीस वर्षांची सोबत, एका कटकन आवाजात गेली. मग माझं एकेक पान त्या उजेडाच्या पेटीवर पालथं घातलं. पेटी सगळं काळ्यात बघते, तिला लाल कळत नाही. डॉक्टरीणबाईंच्या तीन रेघा तिच्या लेखी किरटं अक्षर, बाकीच्यासारखंच.

शिवाय दुसरीकडं पाठवायची ती सगळी पानं नव्हेतच. पाठवायचा तो 'सारांश'. एक पान, त्यात रकाने. नाव, मधल्या नावाचं पहिलं अक्षर, तारीख, पत्ता, फोन. मशीननं माझं आणि माझ्या जावेचं सगळं ताडून बघितलं आणि पडद्यावर विचारलं: या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत. जोडू का?

ऑपरेटर थबकले. एवढं त्यांचं पुण्य मी कबूल करते. त्यांनी आमचे कोपरे बघितले आणि पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, "अहो, हे 'थो.' म्हणजे काय असेल?"

"थोरॅक्स असेल. छातीचा विभाग."

"आणि 'धा'?"

"धा म्हणजे दहा! दहा वर्षांपेक्षा जुनी असेल, लगद्यात टाकायची."

काकू भिंतीपलीकडं होत्या. दहा पावलं. पण विचारायला कोण उठतो?

त्यांनी कळ दाबली. थोरली आणि धाकटी एक झाल्या. घरात वीस वर्षं एका चुलीशी जमवून घेतलं त्यांनी, पण एवढ्या जवळ त्या कधी आल्या नव्हत्या. दोन नोंदींत जिथं वेगवेगळं लिहिलेलं होतं, तिथं मशीननं शेवटचं लिहिलेलं खरं धरलं. शेवटचा फॉर्म धाकटीचा होता. 'औषधाची अ‍ॅलर्जी – नाही.'

माझी जाऊ पोत्यात गेली. मला छातीच्या विभागात पाठवलं. तिथं माझं काय करायचं ते कुणालाच कळेना, म्हणून त्यांनी मला घडी करून एका डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल डगमगायचं थांबलं. म्हटलं, चला, कुणाच्या तरी उपयोगी पडले.

चार महिने मी तिथं होते. तिथं काय घडलं ते सांगण्यासारखं नाही, टेबल होतं आणि मी होते. पण पट्ट्यांच्या खोलीशेजारी त्या सकाळी जे झालं, ते मला काकूंनी पुढं शंभर वेळा बोलून दाखवलं, म्हणून सांगते.

थोरलीच्या टाचेत खिळा घुसला होता आणि जखम आतून चिघळली होती. मोठ्या दवाखान्यात त्या दिवशी अकरा वाजता पाय उघडून साफ करायचा होता. दोघी जावा नऊ वाजता खिडकीशी आल्या, मला तिकडं धाडलंय का विचारायला. थोरली एका पायावर, धाकटीच्या खांद्याला धरून.

"फाइल कशाला?" ऑपरेटर म्हणाले. "तुमच्या आधी तुमची माहिती तिकडं पोचलीसुद्धा."

"मी इथं आहे आणि माझी माहिती तिकडं?" थोरली म्हणाली. "मग पायही तिकडं पाठवायचा होता, मला चालायचे कष्ट नकोत."

तो आवाज भिंतीपलीकडं गेला. काकू हातात अर्धी घडी घातलेली पट्टी घेऊनच बाहेर आल्या. "थोरली का?"

"हो काकू."

"काय पाठवलंय हिचं? वाचून दाखवा."

"काकू, तसं वाचून दाखवायचा नियम..."

"तिचं आहे ना? तिच्यासमोर वाचा."

ऑपरेटरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "वय... पत्ता... बाळंतपणं तीन."

मग थोरली हळूच म्हणाली, "किती?"

"तीन. दोन मुलगे, एक मुलगी."

"ऐकलंस?" थोरली धाकटीकडं वळली. हसत होती, पण ओठ जागेवर नव्हते. "कळा तू दिल्यास आणि पोरं माझ्या नावावर लागली."

"घ्या, घ्या," धाकटी म्हणाली. "मोठ्या पोराचं कपाट आवरायचं तेवढं तुमच्याकडं घ्या. पण जाऊबाई, माझी बाळंतपणं गेली कुठं मग? मी काय पोरं बाजारातून आणली?"

काकूंना हसू आलं नव्हतं. "दोघींची एक केली तुम्ही," त्या ऑपरेटरांना म्हणाल्या. "अ‍ॅलर्जी काय लिहिलीय?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे... नाही."

पट्टी काकूंच्या हातातून सुटली आणि जमिनीवर उलगडत गेली. "अहो भाऊ, ही बाई पेनिसिलिननं मरता मरता वाचलीय! फाइल कुठंय?"

"कव्हरवर 'थो.' होतं, म्हणून थोरॅक्सला..."

"थो. म्हणजे थोरली!" काकू असं ओरडल्या म्हणतात, की रांगेतली पोरं रडायची थांबली. "आणि धाकटीची?"

ऑपरेटरांनी मान खाली घातली. "धा म्हणजे दहा वाटलं. ती लगद्यात गेली."

माझ्या जावेची बातमी मला अशी कळली, उशिरानं, दुसऱ्याच्या तोंडून.

पडद्यावरचं दुरुस्त करायला 'विनंती' टाकावी लागते आणि विनंतीला सात दिवस लागतात, असं ऑपरेटरांनी सांगितलं. त्यांनी मोठ्या दवाखान्याला फोन लावला, तर तिथं 'एक दाबा, दोन दाबा' चाललेलं. तोवर काकू छातीच्या विभागात पोचल्या होत्या. टेबलाखाली वाकून त्यांनी मला ओढलं. टेबल कलंडलं, वरचं पाणी डॉक्टरांच्या कागदांवर सांडलं. काकूंनी मागं वळूनही बघितलं नाही.

फाइल पेशंटच्या हातात द्यायची नाही, हा नियम काकूंनीच वीस वर्षं पाळला होता. त्यांनी मला कोटाला पुसलं आणि धाकटीच्या हातात ठेवलं. "ही उघडून दाखवल्याशिवाय सुई नको. कुणी काही म्हणो."

मोठ्या दवाखान्यात सगळं पांढरं आणि गार. थोरलीला खाटेवर घेतलं, हिरवा झगा घातला. मी धाकटीच्या काखेत. दारावरच्या माणसानं सांगितलं, "कागद आत चालत नाहीत, बाई." धाकटी म्हणाली, "बरं," आणि मला पदराखाली घेऊन आत गेली.

सिस्टर आल्या. थाळीत सुई भरलेली. चेहऱ्यावर झोप अपुरी झाल्याची कळा, वाईट बाई नव्हती ती. पडद्याकडं बघत त्यांनी विचारलं, "कशाची अ‍ॅलर्जी वगैरे नाही ना?"

तेच. वीस वर्षांनी तेच 'नाही ना.'

आणि थोरलीचं तोंड उघडलं. मी शपथेवर सांगते, तिच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. सगळं माहीत असून! काकूंनी तासाभरापूर्वी बजावलं असून! माणसाची सवय अशी, की पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला नाराज करण्यापेक्षा मेलेलं बरं. ती म्हणाली, "ना..."

धाकटीनं मला थाळीवर आपटलं. सुई उडून खाटेखाली गेली.

"आहे! लाल शाईनं लिहिलंय! तीन रेघा मारल्यात, मोजून बघा!"

"अहो, हे काय?" सिस्टर चिडल्या. "निर्जंतुक थाळी आहे ती! आमच्याकडं सगळं पडद्यावर आहे."

"पडद्यावर माझी पोरं ह्यांना झालीत! तो पडदा खरा मानायचा तर मग त्या पोरांचे डबेही ह्याच भरतात म्हणून लिहा!"

सिस्टरांनी मला उघडलं. पहिलं पान. लाल ओळ, तीन रेघा, ती फाट. त्यांचं बोट फाटीवर थांबलं. त्यांनी वाकून खाटेखालची सुई उचलली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली. पेनिसिलिनच. मग थोरलीच्या उशाशी बसून म्हणाल्या, "मावशी, सांगायचं ना हो."

"तिकडं लिहिलंय म्हटलं," थोरली म्हणाली. "तुम्हाला माहीतच असणार."

ही चूक माझीही आहे. मशीनला मी हवं ते बोलेन, पण 'तिकडं लिहिलंय' ही सवय माणसांना आम्ही फायलींनीच लावली. आपल्याच जिवावरची गोष्ट माणसं दुसऱ्याच्या कागदात ठेवून मोकळी झाली. आधी आमच्या भरवशावर, आता पडद्याच्या.

दुसरं औषध दिलं, पाय साफ झाला, तिसऱ्या दिवशी थोरली काठी टेकत घरी गेली. विनंतीला सातांचे सव्वीस दिवस लागले. मग निरोप आला: समस्या सोडवली. काकूंना परत रेकॉर्डमध्ये घेतलं का? छे. पण आता ऑपरेटर दर अर्ध्या तासानं भिंतीवर टकटक करतात, "काकू, जरा या हो." मशीननं 'जोडू का' विचारलं, की आधी काकूंना विचारतात. मला काकूंनी पट्ट्यांच्या कपाटात लपवलंय, कारण पुढं उरलेल्या फायलीही लगद्यात गेल्या आणि कागदावर माझाही लगदा झालेला आहे. मशीन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. थोरली दुसऱ्या गावी चक्कर येऊन पडली, तर मी तिथं धावत जाऊ शकत नाही, ते जाईल. पण त्याला जाऊ कळत नाही. ज्याला जाऊ कळत नाही, त्याच्यावर मी घर सोपवणार नाही.

तुम्हीही सोपवू नका. 'नाही ना?' असं कुणी विचारलं, की घटकाभर थांबा. आपलं काय आहे आणि काय नाही, ते तोंडपाठ असू द्या, घरातल्या एखाद्या भांडकुदळ माणसालाही पाठ करून ठेवा.

एक गोष्ट राहिली. सांगू की नको, असं होतंय.

परवा थोरली पाय दाखवायला आली होती; हेही काकूंनीच घड्या घालताना बोलून दाखवलं. काकूंनी समस्या सोडवल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं. ऑपरेटरांनी दोघींची पानं उघडली. पेनिसिलिन थोरलीकडं, लाल अक्षरात. धाकटीकडं दोन मुलगे.

"आणि मुलगी?" काकूंनी विचारलं.

ऑपरेटर शोधत राहिले. मधली मुलगी थोरलीच्याच पानावर राहिली होती. बाळंतपण एक, मुलगी.

"राहिलंच की हे," ऑपरेटर ओशाळले. "आत्ता विनंती टाकतो."

थोरली पडद्याकडं बघत होती. तिनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्यानं सुई चुकते का हो, काकू?"

"सुई चुकत नाही," काकू म्हणाल्या. "पण खोटं ते खोटं. कधीतरी कुठंतरी नडतं."

"खरंय," थोरली म्हणाली. "टाका विनंती. पण आजच नको."

ऑपरेटरांचा हात कळीवर थांबला. त्यांनी काकूंकडं बघितलं. 'थोरली का धाकटी' विचारल्याशिवाय जिनं वीस वर्षं नाडी सोडली नाही, ती बाई खिडकीबाहेर बघायला लागली.

माझ्या पोटात खरं काय ते लिहिलेलं आहे. 'मुलं – नाहीत.' मी कुणाचं ऐकून माझं पान खोडणार नाही. पण मला कुणी विचारलेलं नाही आणि कपाटाचं दार बंद आहे.

आज तिसरा दिवस. विनंती अजून टाकलेली नाही.